वरचा बघत नसेल तर

प्रिय चिऊ,

परवा मी देवापाशी दिवा लावत होते आणि तू विचारलंस, "आई, तुझा तर धड विश्वासही नाही, मग हे कशाला? आणि देव नसेलच, तर खोटं बोलू नये हे ठरवलं कुणी? तू?" त्या 'तू?'नं जरा लागलं. तोंडावर काही सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या माईकडे, म्हणजे तुझ्या पणजीकडे, याचं उत्तर तयार असायचं. "वरचा बघतोय हो." शेजारचे पेरू पाडले, वरचा बघतोय. भावाला चिमटा काढून साळसूदपणे बसलं, वरचा बघतोय. मी हे सांगितल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे सीसीटीव्ही." हसू आलं, पण माईला एवढ्यावर निकालात काढू नकोस. कॅमेऱ्याच्या भीतीनं कोणी दुसऱ्याच्या बाळंतपणाला मध्यरात्री उठून जात नाही. माई जायची, बोलावलं नसलं तरी.

आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, दुसऱ्या टोकाला. देवापुढे हात जोडलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं भाषण असलं की हे पुढच्या रांगेत. घरात सत्यनारायण ठरला की माईशी वाद ठरलेला. आगरकर, फुले, सगळे त्या स्वयंपाकघरात येऊन जायचे. (प्रसादाचा शिरा मात्र दोनदा मागून घ्यायचे. हे त्यांना सांगू नकोस.)

आता एक गोष्ट सांगते, ती तुला आवडणार नाही. परसात मोरीच्या वर एक कोनाडा होता. त्यात एक कान तुटलेली कपबशी पालथी ठेवलेली असायची. अंगण झाडायला बाई यायच्या, त्यांची. त्यांनी ती स्वतः खाली घ्यायची, माईनं वरून चहा ओतायचा, शिवायचं नाही. मग त्यांनीच विसळून परत पालथी घालायची. माई त्यांच्या पोरांची चौकशी करायची, सणाला लुगडं द्यायची. तरी कपबशी कोनाड्यातच. आणि आप्पा तिथेच पायरीवर पेपर वाचत बसलेले असायचे. सत्यनारायणावर तासभर बोलणारा माणूस कपबशीवर एक अक्षर बोलला नाही.

बोलली, म्हणजे बोललीही नाही म्हण, ती मोठी काकू. सगळे उपासतापास करणारी, पोथी वाचल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारी. एका एकादशीला तिनं फळीवरचा आमच्यातलाच स्टीलचा पेला घेतला, चहा ओतला आणि बाईंच्या हातात दिला. माई म्हणाली, "अगं, आज एकादशी!" काकू म्हणाली, "म्हणूनच." आप्पांनी पेपरचं पान उलटलं.

बघ, काकू सोडली तर त्या घरात, त्या आळीत, सगळ्यांनाच ती कपबशी ठीक वाटत होती. चांगलं-वाईट माणसांनीच ठरवायचं असेल, तर आमच्या माणसांनी ते ठरवलंच होतं की. तरीही ते वाईट होतं. आज आपल्याला कळलं म्हणून नव्हे, तेव्हाही होतंच. म्हणून तुझं 'ज्याचं त्याचं बरोबर' मला पटत नाही.

पण मग ते कशावर उभं आहे, देवावर? तसंही मला म्हणवत नाही. माईचं सोवळंही देवासाठीच होतं. 1930 मध्ये बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, तेव्हा दार अडवून उभे राहिलेले लोक काही नास्तिक नव्हते. आणि 1947 मध्ये विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसलेले साने गुरुजी देवाचेच वेडे होते. मला वाटतं, बरोबर काय ते माणसाला आधी आतून दिसतं, देवाचं नाव तो मागून घेतो. काकूला विचारलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

त्याच साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचे दाभोलकर पुढे संपादक झाले. एक देवासाठी रडणारा, दुसरा देव न मानणारा. आमच्याकडे हे असं चालतं, निदान चालायचं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मी इथून आप्पांना फोन लावला. "अगं, फिरायला गेला होता माणूस," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांच्याही मनात, हे चूक आहे असं कुणी ठरवलं, हा प्रश्न आला नसावा.

राहिला दिवा. माईची समई आहे, ती पेटलेली बरी दिसते, आणि वात वळताना माझं डोकं शांत होतं. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे की नाही मलाही नक्की सांगता येत नाही. तू शेजारी उभी राहिलीस तर छान, नाही राहिलीस तर मी मागे लागणार नाही. (आरतीच्या वेळी हेडफोन तेवढे काढ. तो धर्म नाही, रीत आहे.)

कोनाड्याचं मात्र आप्पांना एकदा विचार. मी कधी विचारलं नाही, तू नात आहेस, तुला सांगतील. त्यांच्या सकाळी फोन लाव, दुपारी झोपतात.

तुझी,
आई