बायपासला स्थानिक लोकांचा खरंच पाठिंबा असतो, की नुसते पुढारीच मागतात? सोलापूरचा अनुभव काय?

आमच्याकडे तरी लोकांनाच हवा होता. मी विजापूर रोडवर सैफुलजवळ राहतो, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगतो.

पुणे-हैदराबाद (६५) आणि धुळ्याकडून विजापूरला जाणारा (५२) हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात एकत्र येतात. पुण्याकडून विजापूरला निघालेल्या ट्रकचं शहरात काही काम नसायचं, तरी तो जुन्या पुणे नाक्यावरून आत शिरायचा. दिवसा जड वाहनांना बंदी घातली की सगळे रात्री यायचे. खिडक्यांची तावदानं थरथरायची, ती आम्ही कागदाच्या घड्या खोचून बसवलेली. पुणे रोडवरच्या केगावपासून विजापूर रोडवरच्या हत्तूरपर्यंतचा बायपास मागणाऱ्यांत आमची अख्खी गल्ली होती.

पण आमचा पाठिंबा फुकटातला होता. जमीन मामाची गेली.

मामाही विरोधात नव्हता, हे बाहेरच्यांना पटत नाही. मोजणीचे खुंट रोवले तेव्हा तो म्हणाला, "गाड्या बाहेरनं जाऊ देत की, पण मी वावरात कसं जाऊ ते सांगा." रस्ता शेताच्या मधोमध आला. विहीर अलीकडे, ऊस पलीकडे. पाइपलाइन रस्त्याखालून कोण नेणार, बैलगाडीला बोगदा किती अंतरावर, सर्व्हिस रोड आहे की नाही, उरलेल्या पाऊण एकराच्या तिरक्या तुकड्याचं करायचं काय? भांडण सगळं यावर झालं. मोर्चालाही गेला तो, पण 'बायपास रद्द करा' ही घोषणा मी तिथे ऐकली नाही.

पैशाचं म्हणाल तर मामाचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, दर उतरायच्या आधी झाला. २०२१ मध्ये राज्य सरकारने राष्ट्रीय महामार्गांसाठी ग्रामीण जमिनीचा गुणक (बाजारभावाला ज्याने गुणतात तो आकडा) २ वरून १ केला. गुणून आलेल्या रकमेवर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून मिळते, म्हणजे बाजारभावाच्या चौपट मिळायचा तो मोबदला दुपटीवर आला. सुरत-चेन्नई महामार्गाच्या वेळी बार्शी-अक्कलकोटकडचे शेतकरी का पेटले, ते यातून कळेल. रस्ता नको म्हणणारे आणि या भावात नको म्हणणारे यांना एका मापात मोजू नका.

बरं, कोंडी सुटली का? रात्रीची झोप परत आली, एवढं नक्की. पण हिवाळ्यात मार्केट यार्डात कांदा आला की हैदराबाद रोडला जाऊन बघा. त्या गाड्यांना शहरातच यायचं असतं, बायपास त्यांना काय करणार? उसाच्या ट्रॅक्टरांचंही तेच, त्यात दोन-दोन ट्रॉल्या आणि मागे लाल दिवा नाही. तुमच्या गावात बायपासची मागणी होत असेल तर आधी चार दिवस नाक्यावर उभे राहून मोजा, किती गाड्या नुसत्या पार जातात आणि किती गावातच थांबतात. पार जाणाऱ्या कमी निघाल्या तर बायपास होऊनही चौक तुंबलेलाच राहील.

मामाला शेवटी बोगदा मिळाला. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं, मग तो मोटार चालू करायला रस्ता ओलांडून जातो. मामी तेवढा वेळ बांधावर उभी असते.