कुस्तीतला ठोसा आणि मावशीचं माहेर

“मॅडम, हा मोबाइलवर ती अमेरिकन कुस्ती बघतो. त्यात बायकांना मारतात, उचलून आपटतात. उद्या हा स्वतःच्या बायकोवर हात उचलेल का हो?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न मला आया विचारतात, बाबा विचारतात, एकदा एका आजोबांनीही विचारला होता. ते स्वतः लाल मातीत घुमलेले, त्यामुळे त्यांचा पहिला आक्षेप ‘ही कुस्तीच नव्हे’ असा होता. सुट्टी लागली की हा प्रश्न जास्त येतो. म्हणून एका घराची गोष्ट इथे लिहिते आहे. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. आमच्या अनेक भेटींतलं बोलणं यात थोडक्यात आलं आहे.

मुलगा नववीतला. आपण त्याला दादू म्हणू. आई शिक्षिका. दिवाळीच्या आधी दादूची मावशी माहेरी म्हणून त्यांच्याकडे राहायला आली होती, कारण नवऱ्याने तिला मारलं होतं, आणि ते पहिल्यांदा नव्हतं. महिनाभराने एका रात्री सगळे जेवायला बसले असताना दादू मावशीला म्हणाला, “काकांनी सॉरी म्हटलंय ना? मग अजून किती दिवस ड्रामा करणार आहेस?”

मावशी ताटावरून उठली. आईने दादूचा मोबाइल काढून घेतला आणि रात्रभर बसून त्याने काय काय बघितलंय ते पाहिलं. माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे यादीच होती. 2000 सालातली एक क्लिप, सत्तरी ओलांडलेल्या मे यंग या बाईला एक धिप्पाड पैलवान टेबलावर आपटतो आणि टेबल मोडतं. 2001 सालातली दुसरी, ही कुस्ती दाखवणाऱ्या, आता डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात त्या कंपनीचा मालक ट्रिश स्ट्रॅटस या महिला पैलवानाला भर रिंगणात गुडघ्यांवर बसवून कुत्र्यासारखं भुंकायला लावतो. आणि यादीच्या शेवटी तिने दोनदा अधोरेखित केलेलं नाव होतं, ख्रिस बेन्वा. त्याच्याकडे मी पुढे येते.

“हे सगळं त्या कुस्तीतून आलंय,” ती म्हणाली. “माझ्या घरात असं कोणी बोलत नाही.”

दादू पहिल्या भेटीत हाताची घडी घालून बसला. “मॅडम, ते सगळं स्क्रिप्टेड असतं. आईला वाटतं मला कळत नाही.”

“तुला कळतं यात मला शंका नाही,” मी म्हटलं. “कंपनीनेच 1989 मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे मान्य केलं होतं की ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे.”

त्याने घडी सोडली. मुलाच्या जगात शिरायचं तर तिथला अभ्यास करून जावं, हे मी फार वर्षांपासून पाळत आले आहे आणि त्याचा उपयोग झाला नाही असं क्वचितच झालं. मी त्याला म्हटलं, “मग मला लिटाची गोष्ट सांग. केन आणि लिटाची. मला नीट लागत नाही ती.”

ही 2004 सालची कथा. दादूच्या जन्माच्या आधीची, पण जुन्या क्लिपांना वय नसतं. तो रंगात येऊन सांगू लागला. केन म्हणजे सात फुटी राक्षस. लिटा महिला पैलवान, तिचं मॅट हार्डी या पैलवानावर प्रेम. केनने लिटाला धमकी दिली की मॅट सुखरूप राहायला हवा असेल तर… इथे दादू अडखळला. “म्हणजे, त्याने तिला भाग पाडलं.”

“मग?”

“मग तिला दिवस गेले. ऑगस्टमध्ये टोरांटोला समरस्लॅममध्ये केन आणि मॅटची मॅच. जो जिंकेल त्याच्याशी लिटाने लग्न करायचं. केन जिंकला. मग रॉमध्ये, म्हणजे त्यांच्या टीव्ही शोमध्ये, लग्न लागलं.”

“मग?”

“मग सप्टेंबरमध्ये स्निट्स्की नावाच्या पैलवानाने केनला खुर्ची मारली, केन तिच्या अंगावर पडला आणि बाळ गेलं. स्निट्स्की सारखा म्हणायचा, ‘माझी काही चूक नव्हती.’ फार फेमस झालं ते.”

“आणि केन?”

“केन फेस झाला. म्हणजे चांगला. त्याचं बाळ गेलं ना. लिटापण त्याच्या बाजूने झाली.”

“मग?”

“मग 2005 मध्ये तिने केनला फसवून एज नावाच्या दुसऱ्या पैलवानाला जिंकवलं. ती हील झाली. म्हणजे वाईट. लोक तिला घाण घाण ओरडायचे. 2006 ला रिटायर झाली त्या दिवशीसुद्धा तिची टिंगलच केली.”

“का बरं?”

“नवऱ्याला फसवलं म्हणून. आणि खऱ्या आयुष्यातही तिने मॅट हार्डीला सोडून एजशी जमवलं होतं, तो पण राग होता.”

“तो खऱ्यातला राग बाजूला ठेवू. गोष्टीतलं सांग. गोष्टीत तिने कुणाला फसवलं?”

“नवऱ्याला. केनला.” तो बोलून गेला, आणि थांबला. मी काहीच बोलले नाही. त्याने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग म्हणाला, “पण मॅडम, तो नवरा तर तिला नकोच होता.”

हे वाक्य त्याचं होतं. मी सुचवलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरला असता. समुपदेशकाने उत्तर हातात ठेवू नये, प्रश्न मात्र अशा जागी नेऊन ठेवावा जिथून माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू येईल, यावर माझा विश्वास आहे. माणसं उपदेशाने बदलताना मी फारशी पाहिली नाहीत. जी गोष्ट ती वर्षानुवर्षं सांगत आली, तीच गोष्ट सांगता सांगता अडखळली की बदलतात.

दादू पुढे स्वतःच बोलत राहिला. “म्हणजे ज्याने तिला भाग पाडलं तो वर्षभरात चांगला झाला. आणि ती वाईट झाली. आणि मला हे कधी वेगळं वाटलंच नाही.” मग जरा चिडून, “ट्रिशने तरी नंतर रेसलमेनियात मालकाच्या कानाखाली वाजवली. हिला तेवढंसुद्धा नाही दिलं.”

मी विचारलं, “तू बुकर, म्हणजे या कुस्तीची गोष्ट लिहिणारा, असतास तर काय लिहिलं असतंस?”

“ती लग्नाच्या दिवशीच निघून जाईल. आणि कोणी तिला बू करणार नाही.”

“लोकांनी बू करू नये, हे बुकरच्या हातात असतं?”

त्याने विचार केला. “नाही. कॉमेंट्रीवाल्यांच्या हातात असतं. कोणाची दया करायची ते तेच सांगतात.”

त्यावर मी त्याला विचारलं, “मावशीला तू त्या रात्री जे म्हणालास, ते कोणाच्या कॉमेंट्रीतलं होतं?”

बराच वेळ तो खाली बघत होता. “ते कुस्तीतलं नाही मॅडम. आजी म्हणते तसं. तो आता बदललाय, किती ताणणार. बाबापण म्हणतात, नवरा-बायकोत आपण पडू नये. मी फक्त मोठ्याने म्हटलं.”

आईला हे सांगताना मी दादूची परवानगी घेतली. ती आधी नाही म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मीसुद्धा तिला म्हटलं होतं, पोरांकडे बघून दिवस काढ.”

या कामात मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट ही आहे. आईबाप ठोशाला घाबरतात, तर मुलं ठोसा ओलांडून पुढे काय होतं ते बघत असतात. मारणाऱ्याचं काय झालं? मार खाणारीला लोक काय म्हणाले? शेवटी कोण बिचारं ठरलं? अल्बर्ट बांडुरा यांनी साठच्या दशकात स्टॅनफर्डला केलेले फुगवलेल्या बाहुलीचे प्रयोग बहुतेकांना अर्धेच माहीत असतात. मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलेलं पाहून मुलांनीही बडवलं, एवढं लक्षात राहतं. पण पुढच्या प्रयोगात बडवणाऱ्याला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी त्याची नक्कल कमी केली. मारल्यानंतर जे घडतं ते मुलाच्या मनात मुरतं. आणि मारल्यानंतर काय घडावं, हे टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात घर ठरवत असतं. दादूला ‘तिनेच फसवलं’ ही गोष्ट पडद्यावर खटकली नाही, कारण तशीच गोष्ट त्याच्या जेवणाच्या ताटाभोवती रोज चालू होती.

आता बेन्वाबद्दल. आईचा खरा धसका तोच होता. जून 2007 मध्ये ख्रिस बेन्वा या नामांकित पैलवानाने जॉर्जियातल्या राहत्या घरी बायको नॅन्सी आणि सात वर्षांचा मुलगा डॅनियल यांचा खून केला आणि मग स्वतःचा जीव घेतला. “म्हणजे ही माणसं खरंच तशीच ना?” ती म्हणाली. मी तिला सांगितलं, एका भयंकर घटनेवरून असा धागा ओढू नका. त्याचा मेंदू नंतर तपासला तेव्हा वर्षानुवर्षं डोक्यावर बसलेल्या आघातांची मोठी हानी त्यात आढळली होती. तेवढ्यानेही सगळं उलगडत नाही. पण तुम्हाला त्या घटनेतून एक गोष्ट घ्यायचीच असेल तर ही घ्या, की नॅन्सीने 2003 मध्ये क्रूर वागणुकीचं कारण देऊन घटस्फोटाचा अर्ज केला होता आणि नंतर तो मागे घेतला होता. तिच्या घरात कोण काय म्हणालं हे मी सांगू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका अर्ज मागे घेतात तेव्हा मात्र बहुतेकदा तो एकट्याने घेतलेला निर्णय नसतो. आजूबाजूचे सगळे ‘सुधारलाय तो’ म्हणत असतात.

आई हे ऐकून उठली आणि बाहेर जाऊन बहिणीला फोन केला. त्यानंतर मावशी मला भेटली, एकटी. तिच्या नवऱ्याचा निरोप होता की दोघांना एकत्र बसवून समजूत घाला. मी ते करत नाही. जिथे मारहाण आहे तिथे बाई त्याच्यासमोर खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. ‘तुम्ही सलोखा करत नाही का?’ असं नातेवाईक रागाने विचारतात. या नियमावर मी आजवर ठाम राहिले आहे आणि पुढेही राहणार आहे. मावशीला मी कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवलं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात फक्त मारहाण मोजली जात नाही. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, हे सगळं येतं. पैशांचंही यात येतं हे मावशीला माहीतच नव्हतं. तिचं एटीएम कार्ड लग्नापासून नवऱ्याकडे होतं. पुढे काय करायचं ते ती ठरवते आहे, आणि घरातलं कोणी तिला तारीख विचारत नाही. आजीला गप्प बसणं सगळ्यात जड गेलं. तिलाही तिच्या काळी हेच सांगितलं गेलं होतं, हे तिने मला सगळ्यात शेवटी सांगितलं.

दादूला मावशीची माफी मागायची होती. मी म्हटलं, माग, पण तिने ‘असू दे’ म्हणावं अशी अपेक्षा ठेवू नकोस. सॉरी म्हटलं की समोरच्याने विसरायचं, हीच गोष्ट आपल्याला बदलायची आहे ना? त्याला ते पटायला वेळ लागला.

आता ज्या आया-बाबांना हाच घोर आहे त्यांच्यासाठी. मोबाइल काढून घेऊन काही साधत नाही. मूल मित्राच्या मोबाइलवर बघेल आणि तुमच्याशी बोलणं मात्र बंद करेल. 2008 पासून त्या कंपनीने कार्यक्रम कौटुंबिक वर्गात आणला आणि पुरुषाने बाईला बडवण्याचे प्रसंग खूपच कमी झाले. मुलं बघतात त्या बहुतेक त्याआधीच्या क्लिपा, संदर्भ तोडून, दोन-दोन मिनिटांच्या. तेव्हा मुलाला पूर्ण गोष्ट सांगायला लावा. तुम्ही फक्त ‘मग?’ म्हणा. तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो हे मोकळेपणाने मान्य करा, मुलं त्याने खुलतात. शेवटी एवढंच विचारा की यात बिचारं कोण ठरलं आणि ते कोणी ठरवलं.

मात्र मूल धाकट्या भावंडाला किंवा प्राण्याला मुद्दाम दुखवत असेल, दुखवल्यावर हसत असेल, झोपेत दचकत असेल किंवा घरात आवाज चढला की खोलीत लपत असेल, तर कुस्तीचा विचार सोडा आणि मुलाला घेऊन समुपदेशकाकडे या. त्या घरात कोणी मार खात असेल तर आधी तिची सोय बघा.

आणि तुमच्या घरी अशी एखादी मावशी, आत्या, बहीण आली असेल तर ‘आता पुढे काय ठरवलंस’ हा प्रश्न निदान मुलांदेखत विचारू नका. ‘तुझी खोली आहे, राहा’ एवढं म्हणा, आणि म्हणताना मुलं ऐकतील असं म्हणा. महिलांसाठीची हेल्पलाइन 181 आहे, मुलांसाठी 1098, आणि जिवावर बेतलं असेल तर 112. हे तिन्ही क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये तिच्या हातानेच भरू द्या. मोबाइल नवरा तपासत असेल तर भरू नका, तिला पाठ करायला सांगा.