पी ०४०१ कोड आला म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह बदलायलाच हवा का?

लगेच बदलू नका. ईजीआर व्हॉल्व्ह म्हणजे एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारी झडप. डिझेल गाडी, चेक इंजिनचा दिवा, स्कॅनरवर पी ०४०१ हा बिघाडाचा कोड, पिकअप कमी आणि चढावर काळा धूर, असं तुम्ही लिहिलंय. यातला कोड आणि धूर यांचं आपसात पटत नाही.

पी ०४०१ म्हणजे एक्झॉस्टमधून इनटेककडे (हवा आत जायच्या वाटेकडे) परत यायला हवा तेवढा गॅस येत नाहीये. गॅस कमी आला तर सिलिंडरला ताजी हवा जास्त मिळते आणि धूर उलट कमी व्हायला हवा. व्हॉल्व्ह बंद अडकलेली डिझेल गाडी बऱ्याचदा चालवायला ठणठणीत असते, नुसता दिवा लागतो. काळा धूर, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथर, मेलेला पिकअप ही व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची लक्षणं.

मग दोन्ही एकत्र कसं? बऱ्याच डिझेल गाड्यांत परत येणारा गॅस थेट मोजत नाहीत. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरवरून अंदाज बांधतो: ईजीआर उघडला की ताजी हवा कमी ओढली जाते, आकडा पडतो. पुरेसा पडला नाही की कोड. टर्बो (हवा दाबून ढकलणारा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) ते इनटेक यातला एखादा पाइप चिरला असेल, तर सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच फुस्स होते. डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबानेच पडतं. म्हणून धूर, आणि ईजीआरचा हिशेबही चुकलेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज येतो का? जोडांवर ताजं तेल ओघळलंय का? इंजिन थंड असताना पाइपांच्या खालच्या बाजूने हात फिरवा, चीर बहुधा तिथेच लपते.

पाइप शाबूत निघाले तर मेकॅनिकला स्कॅनरवर लाइव्ह डेटा दाखवायला सांगा. इंजिन गरम, आयडलला, स्कॅनरनेच ईजीआर उघड-बंद करायचा. व्हॉल्व्हची पोझिशन हलतच नसेल तर व्हॉल्व्ह, कनेक्टर किंवा वायरिंग. (जुन्या व्हॅक्यूमवाल्या गाडीत आधी बारीक रबरी नळ्या आणि सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम सोडणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह.) पोझिशन हलतेय पण हवेचा आकडा जागचा ढिम्म, तर वाट काजळीने बुजलीय, अशा वेळी नवा व्हॉल्व्ह बसवूनही कोड परत येणार. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) उघडून बघा. काजळी आणि तेलाची वाफ मिळून तिथे डांबरासारखा थर बसतो, विशेषतः गाडी रोज शहरातच थोडी थोडी चालत असेल तर. हा थर इंजिनाची हवाही अडवतो, म्हणजे तुमच्या धुराचा दुसरा संशयित हाच.

साफ करताना क्लीनर व्हॉल्व्हच्या मोटरमध्ये जाऊ देऊ नका, गॅस्केट नवीनच घाला, आणि बऱ्याच गाड्यांत नंतर स्कॅनरने व्हॉल्व्हचं लर्निंग (उघड-बंद जागा ईसीयूला नव्याने शिकवणं) करावं लागतं, ते विसरू नका.

कोणी पत्र्याची प्लेट टाकून ईजीआर बंद करायला सांगेल. त्याने नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, बेकायदा आहे ते आहेच, आणि तुमच्या गाडीत दिवाही जाणार नाही, कारण कोडच गॅस कमी असल्याचा आहे.