विचारा सरांना: केळी, घड्याळ आणि एक उंचावरचा देश

प्रश्न : केळी पिकवण्यात भारत जगात पहिला म्हणतात. मग युरोपातल्या दुकानात केळीवर इक्वेडोरचं लेबल का दिसतं? (एक बागायतदार, सावदा)

उत्तर : कारण आपण पिकवतो आणि आपणच खाऊन टाकतो. जगातल्या केळ्यांचा साधारण पाव हिस्सा भारतात निघतो, पण तुमच्या-आमच्याकडून भरलेला बहुतेक माल उत्तरेतल्या बाजारांतच संपतो. आखाताकडे कंटेनर जाऊ लागलेत, तेवढंच. इक्वेडोरची लोकसंख्या दोन कोटींच्या आत. तिथे बाग लावतात तीच ग्वायाकिल बंदर डोळ्यांसमोर ठेवून. देशाच्या नावाचा स्पॅनिश अर्थच विषुववृत्त. त्यामुळे मृगबाग-कांदेबाग अशा लागवडीच्या हंगामांची भानगड नाही, थंडीत घड अडून बसत नाही, कापणी बारा महिने.

पण इक्वेडोरपेक्षा मला युगांडा जास्त आवडतो. तोही विषुववृत्तावरच, आणि केळी खावी तर त्यांनी. तिथे मटोके म्हणून हिरव्या केळीची जात आहे. साल काढायची, केळीच्याच पानांत गुंडाळून वाफवायची आणि घोटून लगदा करायचा. वर बहुतेकदा शेंगदाण्याचं कालवण. आपल्याकडे भाकरीची जी जागा, ती तिथल्या बऱ्याच घरांत मटोकेची. मागच्या महिन्यात आम्ही घरी करून पाहिलं. मी हाताला तेल लावायचं विसरलो आणि कच्च्या केळीच्या चिकाने बोटं दोन दिवस काळी राहिली. आपली केळी त्या जातीची नाहीत, म्हणून तीच चव आली असं म्हणणार नाही. शेजारचे नाना मात्र पहिल्या घासाला म्हणाले, "सर, हाई ते भरीतच शे ना!" पुढे बायकोने त्यावर हिरव्या मिरचीची फोडणी घातली, तेव्हा युगांडा संपला आणि आपला जळगावकडचा चोपडा तालुका सुरू झाला.

प्रश्न : इथिओपियात तेरा महिन्यांचं वर्ष असतं हे खरं का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : खरं. ३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी ५ दिवसांचा तेरावा. लीप वर्षात त्याचे ६ होतात. आपल्या अधिक मासासारखं तीन वर्षांनी गणित जुळवत बसायला नको, दरवर्षी तिथल्या तिथे हिशोब चुकता. त्यांचं नवं वर्ष ११ सप्टेंबरला लागतं, क्वचित १२ला. सनही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, म्हणून २००० साल त्यांनी साजरं केलं ते सप्टेंबर २००७मध्ये.

त्याहून गमतीचं त्यांचं घड्याळ. दिवस उगवला की मोजायला सुरुवात, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक. माझ्या भाच्याला अदिस अबाबात सांगितलं, बस दोन वाजता. हा गडी दुपारी जेवून-बिवून दोनला पोचला. बस सकाळी आठलाच गेलेली! आपल्या जुन्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजत, पण आपल्याकडे मे महिन्यात पावणेसहाला उजाडतं आणि जानेवारीत सात वाजून जातात. इथिओपिया विषुववृत्ताच्या जवळ, तिथे सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच येतो. म्हणून ती पद्धत घड्याळ आल्यावरही टिकली.

प्रश्न : एका देशाच्या पोटात दुसरा देश असू शकतो? (इयत्ता आठवी, शिरपूर)

उत्तर : असतो. इटलीत व्हॅटिकन आणि सान मारिनो, दक्षिण आफ्रिकेत लेसोथो. पहिले दोन इवलेसे, लेसोथो मात्र चांगला ३० हजार चौरस किलोमीटरचा. तू सहलीला तोरणमाळला गेला असशील. ते साधारण ११५० मीटर उंच. लेसोथोतली सगळ्यात खोलगट जागासुद्धा १४०० मीटरवर आहे! अख्खा देशच तोरणमाळच्या वर. लोक जाड लोकरी ब्लँकेट अंगरख्यासारखं पांघरून हिंडतात, कारण जून-जुलैत, आपण पेरणीसाठी आभाळाकडे बघत असतो तेव्हा, त्यांच्या डोंगरांवर बर्फ पडत असतो.