पाणी गोठतं, पटल थिजतं

रावेर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. द्रव नायट्रोजनमधून काढलेल्या एचएल-६० पेशी (माणसाच्या रक्तकर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पहिल्या दिवशी ९० टक्के जिवंत दिसतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी वाढ मंदावते, केंद्रकं वेडीवाकडी दिसू लागतात, असं लिहिलंस. तू गोठवण्यात चूक शोधतेयस. मला मात्र वितळवल्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा संशय येतो.

आपल्याकडे थंडीची लाट आली की केळीवर चरका पडतो. पानं पिवळी पडतात, घड निसवायचा थांबतो. तुझ्या बाबांना हे सांगायला नको. त्या वेळी पानातलं पाणी गोठलेलं नसतंच. पारा शून्याच्या बराच वर असतो. मग इजा कशाने होते? पेशीपटल मेदाचं असतं आणि तूप थिजावं तसं ते थिजतं. ताठ झालेल्या पटलातून क्षार झिरपू लागतात. मराठीत गोठणं आणि थिजणं हे दोन वेगळे शब्द आहेत, ते तुझ्या कामात रोज वेगळे ठेव. पाणी गोठतं, पटल थिजतं.

गोठण्यावर उतारा १९४९ साली ग्लिसरॉलच्या रूपात सापडला. गावात कृत्रिम रेतनाच्या कांड्या येतात त्यांत आजही तेच असतं. १९५९ साली लव्हलॉक आणि बिशप यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे आपलं डीएमएसओ, पुढे आणलं. ते ग्लिसरॉलपेक्षा पटकन आत शिरतं. आत-बाहेर दोन्हीकडे बर्फ कमी होतो, उरलेल्या पाण्यात क्षार एकदम दाटत नाहीत, पेशी फार आकसत नाही. तापमान दर मिनिटाला १ अंश उतरवत न्यायचं ते यासाठीच: घाई केली तर आतच बर्फ होतो, फार रेंगाळलं तर पेशी क्षारात पडून राहते.

पण डीएमएसओ पटलाला हात लावल्याशिवाय आत जात नाही. थोड्या प्रमाणात ते पटल पातळ आणि सैल करतं, जास्त झालं तर पाण्याला वाट देणारी भोकं पाडतं, त्याहून वाढलं तर पटलाची घडीच विस्कटते. थंडीत १० टक्के चालतं, कारण सगळं मंद झालेलं असतं. ३७ अंशांवर तेच द्रावण विष ठरतं.

आणि आता खरी गोष्ट. १९७१ साली शार्लट फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींना सुमारे २ टक्के डीएमएसओ दिलं, तर त्या हिमोग्लोबिन बनवू लागल्या. १९७८ साली तुझ्याच एचएल-६० पेशी सुमारे १.३ टक्क्यांत काही दिवसांत पांढऱ्या पेशींसारख्या परिपक्व होतात, असं दिसलं. उंदराच्या भ्रूणकर्करोगाच्या पी-१९ पेशींचे तर हृदयस्नायू होतात. म्हणजे हे द्रव्य नुसतं संरक्षक नाही, ते पेशीला विभेदनाकडे, म्हणजे वाढ सोडून विशिष्ट प्रकारची पेशी बनण्याकडे, ढकलतं.

आता हिशोब कर. १० टक्के डीएमएसओची १ मिलिलिटर व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) ९ मिलिलिटर माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, ओतलीस, तर उरलं १ टक्का. तू लिहिलंयस की पेशी नाजूक असतात म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून डीएमएसओ काढलं नाही, पाच दिवस हलवल्या नाहीत. पेशींवरची ही माया मला समजते, पण त्या पाच दिवसांत त्यांचं शिक्षण झालं. तुझ्या ट्रिपॅन ब्लूने, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या रंगाने, त्या जिवंत आहेत एवढंच सांगितलं. त्या त्याच आहेत का, हे त्याला विचारता येत नाही.

माध्यम थेंबाथेंबाने घाल, कारण डीएमएसओ बाहेर पडण्यापेक्षा पाणी लवकर आत घुसतं आणि पेशी फुगून फुटते. मग हलक्या वेगाने ५ मिनिटं फिरव, वरचं काढून टाक.

विद्यार्थी असताना मी स्वतः औषध डीएमएसओत विरघळवून दिलं आणि कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना, नुसतं माध्यम घातलं. बदल दिसला, तो औषधाच्या नावावर लिहिला. कित्येक महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं आणि ज्यांनी माझ्या निकालावर विसंबून पुढचं काम आखलं होतं त्यांचंही नुकसान झालं. त्याचं वाईट मला अजून वाटतं. कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ घाल, शक्यतो ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नकोस.

एकाच वेळी गोठवलेल्या दोन व्हायल काढ. एक फिरवून धुतलेली, एक नुसती पातळ केलेली. पाचव्या दिवशी दोन्हींच्या काचपट्ट्या गिम्साने (केंद्रकं दाखवणाऱ्या रंगाने) रंगव, प्रत्येकी २०० केंद्रकं मोज आणि आकडे मला कळव. तोवर जुन्या निकालांना हात लावू नकोस.

तुझे
सर