चिनी लिपीत 'बुद्ध' हे अक्षर 'माणूस' अधिक 'नाही' असं बनलंय हे खरं का? आणि उच्चार 'फो' की 'बुत्सु'?

खरं नाही. म्हणजे तुकडे तुम्ही बरोबर सांगितलेत, डावीकडे माणूस, आणि उजवीकडे धनुष्यात दोन काड्या खोचल्यासारखं जे दिसतं त्याचा जुना अर्थ 'नाही' असाच आहे, पण त्यावरून 'माणूस नाही, माणसाच्या पलीकडचा, म्हणून बुद्ध' ही जी गोष्ट फिरते ना ती मी स्वतः चार वर्षं अजिंठ्याला लोकांना ऐकवलीय आणि त्यात माझी कशी जिरली ते आधी सांगतो, तुमचं उत्तर त्यातच येईल.

मी जपानी ग्रुप घेणारा गाईड. एका डिसेंबरात टूर ऑपरेटरने अकरा जणांची यादी पाठवली, त्यात एका रिटायर्ड प्रोफेसरांच्या नावापुढे तीन अक्षरं होती. पहिलं बुद्धाचं, पुढची दोन 'साहित्य'. मी वाचलं 'बुत्सु-बुनगाकु'. म्हटलं बापरे, बौद्ध साहित्याचा प्राध्यापक, हा माणूस आपली परीक्षा घेणार. दोन रात्री जागलो, निर्वाण, बोधिसत्व, जातक, सगळ्याचे जपानी शब्द वहीत लिहून पाठ केले, बायको म्हणाली एवढा अभ्यास बीएला केला असतास तर. आणि मग २६ नंबरच्या लेण्यात, जिथे बुद्ध उजव्या कुशीवर निजलेत, ती सातेक मीटरची मूर्ती, तिच्यासमोर बॅटरी मारत मी वीस मिनिटं बोललो, वर ती 'माणूस अधिक नाही' वाली गोष्ट, आणि शेवटी वाकून म्हटलं की सेन्सेईंसमोर, म्हणजे गुरुजींसमोर, मी काय बोलणार, त्यांचं आयुष्य यात गेलंय. म्हातारबा इकडे तिकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, माझं आयुष्य फ्रेंच कादंबऱ्यांत गेलं.

झालं असं की जपानीत तेच अक्षर 'फुत्सु' असंही वाचतात आणि तेव्हा त्याचा अर्थ फ्रान्स! पूर्वी 'फुरान्सु' लिहायला नुसत्या आवाजासाठी तीन अक्षरं घेतली, त्यातलं पहिलं हे, आणि पुढे देशाचं शॉर्ट नाव म्हणून तेच राहिलं. पेपरात जपान-फ्रान्स करार अशी बातमी असली की हेडलाइनमध्ये हेच अक्षर. 'फुत्सु-बुनगाकु', फ्रेंच साहित्य. अख्खा ग्रुप लेण्यात तोंड दाबून हसत होता.

पण माणूस सज्जन. बाहेर पायरीवर बसले, पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून दगडावर अक्षरं काढायला लागले. आधी आजचं जपानी अक्षर काढलं, त्यात उजवीकडे ते 'नाही' नाहीच, चार रेघांत संपतं. मग जुनं, चिनी, सात रेघांचं. मग म्हणाले हा उजवा तुकडा फक्त आवाज सांगायला आहे. त्याच तुकड्याच्या डावीकडे पाणी काढलं, म्हणाले याचा अर्थ उकळणं. हात काढला, याचा अर्थ झटकणं. आता सांगा, पाणी अधिक नाही म्हणजे उकळणं का? चहा ठेवून विसरलं तर होतं तसं, पण तो अर्थ नाही. शिवाय तो एकटा तुकडा डॉलरच्या खुणेसारखा दिसतो म्हणून जपानात डॉलरसाठी वापरायचे, 'तुमच्या हिशोबाने मग डॉलर-माणूस झाला की' असं म्हणून स्वतःच हसले. तिसरं अक्षर होईपर्यंत पहिलं वाळून गेलं होतं.

आणि मुख्य म्हणजे अक्षर बुद्धासाठी बनवलेलंच नाही. बुद्धाचं नाव चीनमध्ये पोचायच्या आधीपासून ते होतं, अर्थ 'जणू, भासल्यासारखं'. त्या अर्थाच्या जोडशब्दात मँडरिनमध्ये आजही ते 'फू' वाचतात आणि बुद्ध असेल तेव्हा 'फो'. बुद्धासाठी उसनं घेतलं ते निव्वळ आवाजामुळे.

आता तुम्ही म्हणाल 'फो' आणि 'बुद्ध' यात आवाज कुठे जुळतो. तेव्हा जुळत होता. त्या काळी उच्चार 'ब्युत' च्या जवळपास होता. पुढे उत्तरेकडच्या चिनीत शेवटचा त् गळाला, सुरुवातीच्या ब चा फ झाला, राहिलं 'फो'. जपान्यांनी आधीच, सहाव्या शतकाच्या आसपास उचललेलं, त्यांना शेवटी नुसता त् म्हणता येत नाही म्हणून 'बुत्सु'. कोरियात असल्या त् चा ल होतो म्हणून 'बुल'. हाँगकाँगला 'फत'. व्हिएतनामात 'फत', पण तिथल्या लोककथांत गरिबाच्या मदतीला येणारा म्हातारा 'बुत'. जपानीत वर 'होतोके' हा तिसरा उच्चार, तो बुद्धालाही आणि घरात वारलेल्या माणसालाही. म्हणजे 'फो की बुत्सु' असं नाहीये, दोन्ही एकाच शब्दाची नातवंडं आहेत. 'चिन्यांना बुद्ध नीट म्हणता येत नाही' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आपण कर्णाचा कान आणि हस्ताचा हात केला तेव्हा कोण हसायला आलं होतं?

जाता जाता, 'फो' म्हणजे 'फो-थुओ' (बुद्धाचंच दोन अक्षरी चिनी नाव) चा शॉर्टफॉर्म असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जी श्यान्लिन नावाच्या चिनी पंडिताने १९४७ मध्येच मांडलं की उलट आहे, एकाक्षरी शब्द मध्य आशियातल्या भाषांमधून आला, तिथे शेवट आधीच गळाला होता. उर्दूतला 'बुत' आठवा, तोही मूळचा बुद्धच. याच माणसाने अख्खं वाल्मिकी रामायण चिनीत नेलं, २००८ ला आपल्या सरकारने पद्मभूषण दिलं.

हां, एक कबूल करतो, सगळीच अक्षरं आवाजावर नाहीत. माणूस आणि झाड म्हणजे विश्रांती, हे खरंच अर्थाचं गणित आहे. आणि 'माणूस-नाही' वाली गोष्ट चीनमध्येही सांगतात, आपल्या लोकांनी काढलेली नाही. प्रवचनात सांगा की, छान आहे. व्युत्पत्ती म्हणून सांगू नका.

मला ती ज्या सीनियर गाईडने शिकवली त्याला मी त्याच संध्याकाळी फर्दापूरला टपरीवर गाठून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे बाळा, टुरिस्टला गोष्ट पाहिजे असते, डिक्शनरी नाही." सगळे हसले, मला तेव्हा काही सुचलं नाही. आता सुचतंय. चौदा मैल उन्हातून आलेल्या माणसाला पायरीवर पाण्याने काढलेली अक्षरं वाळताना दाखवली तर ती गोष्ट नाही का? माझे लोक ते बघायला थांबतात, दादा, फोटो काढतात. तुझी गोष्ट ऐकून मान हलवतात आणि शटल बस पकडतात.

तर कधी अजिंठ्याला आलात आणि कुणी तुम्हाला 'माणूस अधिक नाही' सांगायला लागलं, तर फक्त उकळत्या पाण्याचं विचारा. 'अरे बाळा' म्हणाला तर तोच.