बॉटवर ट्रेडची नोंद: सुरुवातीला एवढंच सांभाळा

बिटकॉइन, इथर अशा क्रिप्टो नाण्यांच्या सौद्यांची नोंद टेलिग्राम बॉटवर (चॅटमध्ये कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रामवर) ठेवायचं ठरवलंत, हे फार चांगलं केलंत. सुरुवातीला तीनच कमांड पुरे: खरेदी, विक्री, यादी. आलेख, अलर्ट, पोर्टफोलिओ सगळं नंतर.

नोंद सौदा झाल्या मिनिटालाच टाका. ‘खरेदी इथर ०.०५ दर २१०००० फी २५’, संपलं. रात्री आठवून लिहू म्हटलं की घोळ होतो. माझे पहिल्या महिन्यातले चार सौदे असेच निसटले आणि मार्चमध्ये स्टेटमेंट उपसत बसावं लागलं.

नवीन मंडळी हमखास चुकतात त्या जागा:

- ०.०४९८७ ला ०.०५ लिहिणं. शिल्लक कधीच जुळत नाही.
- बिटकॉइन देऊन इथर घेतलं की फक्त खरेदी लिहिणं. ती बिटकॉइनची विक्रीही आहे, त्यामुळे दोन नोंदी हव्यात, रुपयांतल्या भावासकट.
- कापलेला १ टक्का टीडीएस न लिहिणं. रिटर्न भरताना तो लागतोच.

भारतात नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणून प्रत्येक सौदा सुटा दिसायला हवा.

आणि हे मात्र कळकळीने सांगतो: बॉटला सीड फ्रेज (तुमच्या क्रिप्टो वॉलेटची चावी असलेले गुप्त शब्द) कधीही देऊ नका, पैसे काढायची परवानगी असलेली एपीआय की (नाणी जिथे घेता-विकता त्या एक्स्चेंजचं खातं दुसऱ्या प्रोग्रामला वापरू देणारा कोड) तर नाहीच. नोंदीला दोन्ही लागत नाहीत. जो बॉट मागेल, तो त्याच क्षणी ब्लॉक करा.

दर रविवारी यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) उतरवून एक्स्चेंजच्या शिलकेशी ताडून पाहा. अडलात तर कमांड जशीच्या तशी इथे टाका, बघू.